बापूदेवशास्त्री परांजपे

एकोणिसाव्या शतकातील भारतीय गणितज्ञ व ज्योतिर्विद. मूळ नाव नृसिंह. जन्म १८२१ मध्ये. घराणे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील गोदाकाठच्या टोके या गावचे. नागपूर येथील मराठी शाळेत शिक्षण झाल्यावर त्यांनी धुंडिराज मिश्र यांच्याकडे भास्कराचार्यांच्या लीलावती व बीजगणित या ग्रंथांचे अध्ययन केले. इंग्रज अधिकारी लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी त्यांची गणितातील गती पाहून त्यांना सीहोर येथील संस्कृत पाठशाळेत नेले. १८४२ मध्ये बनारसच्या संस्कृत कॉलेजात त्यांची नेमणूक झाली व पुढे तेथेच त्यांनी कित्येक वर्षे अध्यापन केले. १८७८ मध्ये त्यांना सी. आय. ई. हा किताब व १८८७ मध्ये महामहोपाध्याय ही पदवी मिळाली.

बापूदेवांच्या कार्याचे पाठ्यपुस्तके, प्राचीन ग्रंथांचे संपादन-भाषांतर आणि प्राचीन गणिताचा अन्वयार्थ असे तीन भाग पडतात. हिंदीत त्यांनी लिहिलेले बीजगणित हे भास्कराचार्यांच्या ग्रंथाचे रूपांतर नसून पाश्चात्त्य पद्धतीचा विषय देशी भाषेत मांडण्याचा प्रयत्न होता. त्याबद्दल त्यांना सरकारी पारितोषिकही मिळाले. जुन्या पद्धतीत अव्यक्त राशींसाठी ‘या’, ‘का’, ‘नी’ ही आद्याक्षरे व ज्ञात संख्येसाठी ‘रू’ हे अक्षर लिहीत. ऋण संख्येवर बिंदू देत. ही परंपरा पाठ असलेल्या विद्यार्थ्याला नवे बीजगणित परके वाटू नये, ही दृष्टी बापूदेवांना त्यांच्या दुहेरी शिक्षणातून मिळाली होती.

संपादनकार्यात त्यांची योग्यता अधिक स्पष्ट दिसते. विल्किन्सन यांचे १८४१ मध्ये निधन झाले. त्यांनी केलेले सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर बापूदेवांनी तपासून, स्वतःच्या सूर्यसिद्धांताच्या भाषांतरासह १८६१ मध्ये कलकत्त्याच्या ‘बिब्लिओथिका इंडिका’ मालेत प्रसिद्ध केले. सिद्धांतशिरोमणीची वासनाभाष्यासह संस्कृत आवृत्ती १८६६ मध्ये व लीलावतीची १८८३ मध्ये निघाली. गणिताचे मर्म जाणणाऱ्या संपादकाच्या हातून निघाल्याने या आवृत्त्या नंतरच्या अभ्यासकांना उपयोगी पडल्या.

त्यांच्या लेखनात सर्वाधिक वाद झाला तो १८५८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातील लेखावर. भास्कराचार्यांना अवकलनाचे तत्त्व ज्ञात होते, असे त्यात प्रतिपादन होते. ग्रहाची तात्कालिक गती काढताना भास्कराचार्य ज्येतील सूक्ष्म फरक कोटिज्येच्या प्रमाणात घेतात. आधुनिक भाषेत हेच ज्याफलाचे अवकलन होय. इंग्रज गणितज्ञ विल्यम स्पॉटिस्वुड यांनी १८६० मध्ये या मताचा परामर्श घेतला. भास्कराचार्यांची सूक्ष्मदृष्टी त्यांनी मोकळेपणाने मान्य केली. परंतु कालांतरे व अंतरे अत्यणू असण्याची कल्पना मूळ ग्रंथात नाही, म्हणून बापूदेवांचा दावा अतिव्याप्त आहे, असा त्यांचा आक्षेप होता.

या वादात दोन्ही पक्षांत तथ्य आहे. एका फलापुरते सूत्र हाती असणे आणि सर्व फलांना लागू पडणारी रीत असणे, या भिन्न गोष्टी होत. हा भेद बापूदेवांनी पुरेसा राखला नाही. शिवाय गतीच्या सूत्रात कोटिज्या येण्याची कल्पना भास्कराचार्यांच्या आधी, ९३२ च्या सुमारास मुंजालांच्या लघुमानसातही आढळते. उलट, भारतीय गणितात अत्यणूंचा विचार नव्हताच, असा निष्कर्ष स्पॉटिस्वुड यांच्या आक्षेपावरून काढणेही चूक ठरेल. केरळातील माधव व त्यांच्या परंपरेतील गणितज्ञांनी अनंत श्रेढींच्या साहाय्याने याच वाटेवर बरीच मजल मारली होती आणि चार्ल्स व्हिश यांनी १८३० नंतरच्या दशकातच त्याकडे लक्ष वेधले होते. त्याची दखल विद्वानांनी बऱ्याच उशिरा घेतली.

संख्या सिद्धांताच्या दृष्टीने मात्र एक उणीव जाणवते. ज्या वर्गाची ६१ पट करून १ मिळविल्यास पुन्हा पूर्ण वर्ग येतो, अशी संख्या शोधण्याचा प्रश्न भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने सोडविला होता. त्याची लघुतम मुळे २२,६१,५३,९८० व १,७६,६३,१९,०४९ ही होत. हाच प्रश्न फेर्मा यांनी १६५७ मध्ये यूरोपीय गणितज्ञांपुढे ठेवला. ही पद्धत नेहमीच उत्तरापर्यंत पोहोचते, याची सिद्धता कृष्णस्वामी अय्यंगार यांनी विसाव्या शतकात दिली. बापूदेव बनारसला शिकवीत असताना जर्मनीत कुमर व डेडेकिंट पूर्णांकांच्या सिद्धांताला नवे रूप देत होते. त्या प्रवाहाशी चक्रवालाचा सांधा जोडण्याइतकी सामग्री बापूदेवांच्या परंपरेत होती. त्यांचे बळ मात्र अध्यापन, संपादन व वेधांशी जुळणारे पंचांग यांत खर्च झाले [⟶ संख्या सिद्धांत].

नवा सिद्धांत त्यांच्या नावावर नाही. तथापि प्राचीन ग्रंथ केवळ आदराने न वाचता त्यातील रीती आधुनिक गणिताच्या कसोटीवर लावून पाहण्याची प्रथा संस्कृत पंडितांत त्यांनी रुजविली. त्यांच्यामागून सुधाकर द्विवेदी यांनी समीकरण मीमांसेसारखे ग्रंथ लिहिले, ते याच भूमीवर. १८५८ च्या लेखाचा निष्कर्ष जसाच्या तसा आज टिकत नसला, तरी त्यातून उभा राहिलेला प्रश्न भारतीय गणिताच्या इतिहासाला दिशा देणारा ठरला.