आवाज घरातच राहतो म्हणजे काय?

आवाजावर चालणारे दिवे, पंखे आणि ‘अलेक्सा’सारखे बोलके डबे यांच्याविषयी शंका काढली की एक उत्तर हमखास मिळते : ‘आता सगळी प्रक्रिया यंत्रातल्या यंत्रातच होते, बाहेर काही जात नाही.’ हे उत्तर तपासून पाहावे असे आम्हाला वाटते. शहापूर, मुरबाडकडच्या शाळांत हे डबे हौसेने आणण्याआधी तर नक्कीच.

प्रथम यंत्र काय करते ते पाहू. त्याचा कान सतत उघडा असतो, पण आतली लहानशी चिप फक्त हाक ओळखते. तेवढे काम खरोखर घरात होते. हाक ओळखली की पुढचे बोलणे मुद्रित होते आणि इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकांकडे जाते. तिथे आवाजाचे शब्द होतात, शब्दांचा अर्थ लागतो आणि ‘दिवा लाव’ हा निरोप परत येतो. डोळखांबच्या घरातला दिवा डोळखांबच्याच माणसाने लावायचा, पण बोलणे मात्र कुठल्या कुठे जाऊन यायचे. हे बोलणे वजनाने किती हलके असते याचा हिशेब फळ्यावर मांडता येतो. सेकंदाला १६,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २ बाइटचा धरला, तर तीन सेकंदांचे वाक्य ९६,००० बाइटचे होते. मोबाइलवरचा एखादा फोटोही सहसा याहून कितीतरी जड असतो. त्यामुळे बाहेर गेलेले आपल्या लक्षातही येत नाही.

पुढे त्या आवाजाचे काय होते? एप्रिल २०१९ मध्ये ‘ब्लूमबर्ग’ने उघड केले की अलेक्साच्या मुद्रणांचे नमुने माणसे ऐकतात आणि त्यांतली काही भारतात बसून हे काम करतात. त्याच वर्षी जुलैत बेल्जियमच्या ‘व्हीआरटी’ वाहिनीने गूगल असिस्टंटची हजाराहून अधिक मुद्रणे ऐकली. त्यांतली १५३ मुळात व्हायलाच नको होती, कारण यंत्राला कोणी हाकच मारली नव्हती. मुलांचे आवाज गरजेपेक्षा जास्त काळ ठेवल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉनला अडीच कोटी डॉलरचा दंड मान्य करावा लागला.

यावर खरा उपाय एकच, तो म्हणजे आवाजाचे शब्द घरातच करणे. तो आम्हाला मान्य आहे. आमची टीका आहे ती तो ज्या रीतीने देऊ केला गेला तिच्यावर. अ‍ॅमेझॉनने ‘मुद्रण पाठवू नका’ अशी सोय दिली खरी, पण मोजक्या यंत्रांवर, अमेरिकेत आणि इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी. त्यातही आवाज घरी राहिला तरी त्याचे शब्द कंपनीकडे जातच होते. कोणी काय मागितले हे कळायला शब्द पुरेसे असतात. पुढे २८ मार्च २०२५ रोजी ही सोयही बंद झाली. नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेला दूरच्या मोठ्या संगणकांचीच ताकद लागते, असे कारण कंपनीने दिले. मुद्रण पाठवावे लागले तरी ते साठवू नका असे सांगता येते, हे नमूद केले पाहिजे. पण पाठवलेले पुसणे आणि मुळात न पाठवणे यांत फरक आहे.

मराठी माणसाला यातले काहीच मिळाले नव्हते. अलेक्सा २०१९ मध्ये हिंदी शिकली, पण ‘आवाज घरी ठेवा’ ही सोय हिंदीतही आली नाही. तानसा आणि भातसाचे पाणी नळांतून मुंबईला जाताना पाहणाऱ्या आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या शहापूरकरांना हा व्यवहार ओळखीचा वाटेल.

मग मराठीत हे जमण्यासारखेच नाही काय? तसे मुळीच नाही. २०२२ मध्ये खुल्या झालेल्या ‘व्हिस्पर’ या वाक्‌-ओळख प्रणालीची सर्वांत लहान आवृत्ती शंभर मेगाबाइटच्या आत मावते आणि तिच्या भाषांत मराठी आहे. अर्थात लहान आवृत्ती मराठीत बऱ्याच चुका करते. आयआयटी मद्रासच्या ‘एआयफोरभारत’ गटाची भारतीय भाषांसाठीची प्रणालीही खुली आहे. शिवाय घरात किंवा वर्गात लागणाऱ्या आज्ञा अशा किती? दिवा, पंखा, पंप, चालू, बंद. दहा-वीस ठरावीक शब्द ओळखायला दूरचा संगणक लागतच नाही, ते काम स्वस्त चिपही करते. माळशेजच्या बाजूला जिथे नेटवर्कच रुसून बसते, तिथे तर घरात चालणारे यंत्रच उपयोगाचे.

अडचण खरी आहे ती बोलीची. ठाकर, कातकरी, महादेव कोळी घरांतली मुले पाठ्यपुस्तकातली मराठी बोलत नाहीत. त्यांचे आवाज गोळा झाले नाहीत, तर कोणतीही प्रणाली त्यांना ओळखणार नाही. कंपन्यांचा हा मुद्दा आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण आवाज मिळवायला दुसरा मार्ग आहे. मोझिलाच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉमन व्हॉइस’ उपक्रमात लोक समजून-उमजून, ठरलेली वाक्ये वाचून आवाज देतात, आणि त्यात मराठीही आहे. स्वयंपाकघरातले बोलणे उचलण्यापेक्षा हे नक्कीच बरे.

यंत्र विकणारा काहीही म्हणो, एक परीक्षा वर्गात करता येते. वायफाय बंद करा आणि आज्ञा द्या. दिवा लागला तर ओळख घरात होते. ‘इंटरनेट नाही’ असे उत्तर आले तर आवाज बाहेर जात होता. मोबाइल विमान-अवस्थेत ठेवून त्याला मराठीत मजकूर सांगा, तोच प्रयोग होईल. मात्र दिवा लागला म्हणून निर्धास्त होऊ नये. वायफाय परत आल्यावर साठवलेले शब्द यंत्र पाठवू शकते.

संमतीचा प्रश्न उरतोच. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती सांगितली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याची तरतूद आहे. आता एखाद्या आश्रमशाळेचा विचार करा. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले आईबाप पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात वर्गात असा डबा बसवला, तर त्यांची संमती कोणी, कुठे जाऊन आणि कोणत्या शब्दांत समजावून घ्यायची?