हॉजसनकृत ‘व्हेंचर ऑफ इस्लाम’ : एक अवलोकन

आमच्या सुशिक्षित घरांतून मध्ययुगीन इस्लामी जगाचीं दोनच चित्रें बहुधा टांगलेलीं दिसतात. एकांत उपसलेली तरवार असते. दुसऱ्यांत अलीबाबाची गुहा व अल्लाउद्दिनाचा दिवा. पैकीं दुसरें चित्र तर त्या जगाचें पुरतें स्वतःचेंहि नव्हे. या दोन्ही गोष्टी अरबी कथासंग्रहाच्या जुन्या हस्तलिखितांत नाहींत; अठराव्या शतकाच्या आरंभीं गालां नामक फ्रेंच पंडितानें त्या अलेप्पोच्या हान्ना दियाब या गृहस्थाच्या तोंडून ऐकिल्या व आपल्या भाषांतरांत घातल्या. ज्या गोष्टींवरून आपण एका संस्कृतीची कल्पना करितों, त्या पॅरिसच्या वाटेनें आपल्याकडे आल्या, एवढें कळलें तरी मनुष्य थोडा सावध होतो.

अशींच चित्रें मनांत घेऊन विद्यार्थी विश्वविद्यालयाच्या वर्गांत येऊन बसतो. तीं प्रथम उतरविल्यावांचून भिंतीवर नवें कांहीं टांगतां येत नाहीं, हें ज्यानें पुरतें ओळखिलें असा एक अध्यापक म्हणजे शिकागो विश्वविद्यालयांतील मार्शल हॉजसन (१९२२–१९६८) हा होय. इस्लामी संस्कृतीचा वर्षभराचा अभ्यासक्रम तो तेथें शिकवीत असे, व त्या शिकवणुकींतूनच ‘द व्हेंचर ऑफ इस्लाम’ हा त्रिखंडात्मक ग्रंथ वाढत गेला. लेखक सेहेचाळिसाव्या वर्षीं अकस्मात् वारला. राहिलेलें काम रूबेन स्मिथ या सहकाऱ्यानें हातावेगळें केलें व १९७४ सालीं ग्रंथ बाहेर आला. त्यास आतां अर्धशतक लोटलें. तरीहि या विषयाचा अभ्यास कसा करावा, हा प्रश्न निघाला कीं त्याची आठवण होते. म्हणून त्याचे गुणदोष येथें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ग्रंथाचा पहिला गुण असा कीं तो उत्तरें देण्यापूर्वीं प्रश्नांतील शब्द तपासतो. ‘मध्यपूर्व’ म्हणजे कोणाच्या पूर्वेस? लंडनच्या. तेव्हां हॉजसन तो शब्द टाकून ‘नील नदीपासून ऑक्सस नदीपर्यंतचा प्रदेश’ असें लांबलचक पण निष्पक्ष नांव घेतो. ‘मध्ययुग’ हा शब्दहि युरोपच्या इतिहासांत जन्मला. ग्रीक-रोमन वैभव व नवें विद्याजागरण यांमधील काळोखी खोली, असा त्याचा मूळ ध्वनि. बगदाद, कैरो अथवा बुखारा येथें त्याच शतकांत मध्यान्हीचें ऊन पडलें होतें, हें त्या शब्दांतून कसें कळावें? असाच त्याचा प्रसिद्ध भेद ‘इस्लामी’ व ‘इस्लामिकेट’ या दोन शब्दांतील. धर्माशीं जें निगडित तें पहिलें. त्या धर्माच्या छायेंत वाढलेल्या, पण परधर्मीयांनींहि जोपासलेल्या संस्कृतीचें तें दुसरें. बगदादेंत ग्रीक वैद्यकग्रंथांचीं भाषांतरें करणारा हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होता; कैरोचा मैमोनिदेस ज्यू असून आपलें तत्त्वज्ञान अरबी भाषेंत लिहीत होता. यांस कोणत्या खणांत ठेवावें, या अडचणींतून तो शब्द निघाला.

दुसरा गुण कालविभागाचा. जुन्या परंपरेच्या विद्यार्थ्यास विचारिलें तर तो सांगे कीं खलीफांचें वैभव झालें, ९४५ सालीं बुवैही सरदारांनीं बगदाद ताब्यांत घेतलें, १२५८ सालीं हुलागूनें तें धुळीस मिळविलें, व या दोन सालांमध्यें ऱ्हास चालला होता. हॉजसन म्हणतो कीं याच काळांत ही संस्कृति खऱ्या अर्थानें पसरली. फिर्दौसीचा शाहनामा, अल-बिरूनी व इब्न सीना यांची विद्वत्ता, घझालीचें धर्मचिंतन, इब्न रुश्दचें तत्त्वज्ञान, हें सर्व या तथाकथित ऱ्हासांतील पीक आहे. बगदाद पडल्यावर अवघ्या एका वर्षानें, १२५९ सालीं, त्याच हुलागूच्या आश्रयानें मराघा येथें नासिरुद्दीन तूसीची वेधशाळा उभी राहूं लागली! मध्यवर्ती सत्ता मोडली असतां समाज कसा तगला, याचाहि उलगडा ग्रंथांत आहे: लष्करी अमीर, शहरांतील प्रतिष्ठित घराणीं, व सर्वत्र एकसारखा चालणारा शरियतीचा कायदा. सैनिकास वेतनाऐवजीं गांवचा वसूल तोडून देण्याची ‘इक्ता’ पद्धति वाचतांना आमच्या वाचकांस सरंजामाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं.

तिसरा गुण आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. हॉजसन हा क्वेकर पंथाचा. दुसऱ्या महायुद्धांत त्यानें धर्मबुद्धीस स्मरून शस्त्र धरण्याचें नाकारिलें होतें. परधर्माचा इतिहास लिहितांना आपली निष्ठा लपवावी, असें त्यास वाटलें नाहीं. प्रत्येक अभ्यासक कांहीं पूर्वग्रह घेऊनच येतो. ते कबूल करून त्यांवर नजर ठेवणें हाच प्रामाणिकपणा, असें तो आरंभींच बजावितो. आमच्या देशांत तर हा इतिहास परक्यांचा म्हणून दूर ठेवतां येत नाहीं. तो वाचतांना कोणी फिर्यादी होतो, कोणी वकील. साक्षीदार होण्यास फारसा कोणी तयार नसतो. त्यासाठीं ही शिस्त विशेष अगत्याची आहे.

आतां दोषांकडे वळूं. भाषा जड आहे. नवे शब्द घडविण्याचा नाद कित्येकदां वाचकाच्या सहनशीलतेचा अंत पाहतो. परंतु हा वरवरचा दोष झाला. ‘इस्लामिकेट’ या शब्दावरील आक्षेप याहून खोल आहे. सुफी कवीच्या ओळींतील मद्याचा पेला धर्मांतला कीं धर्माबाहेरचा? हॉजसनची सुरी येथें फार सफाईनें फिरते. २०१५ सालीं निवर्तलेले शहाब अहमद यांनीं आपल्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत हाच मुद्दा लावून धरिला, व तो आम्हांस पटतो. धर्म हा आंत निर्मळ गाभा व संस्कृति ही बाहेरची साल, अशी वांटणी कोणत्याहि जिवंत समाजांत होत नसते.

सर्वांत मोठी उणीव अशी कीं या तीन खंडांत विचार पुष्कळ भेटतात, माणसें त्या मानानें थोडीं. लेखकाची दृष्टि संत, पंडित व कवि यांवर खिळलेली. कापडाचा व्यापारी, नवऱ्याच्या पत्राची वाट पाहणारी स्त्री, कर्ज बुडालेला सराफ हीं कोठें? तीं पाहावयाचीं तर एस. डी. गॉइटाइन याचा ‘अ मेडिटरेनियन सोसायटी’ हा ग्रंथ हातीं घ्यावा. त्याचा पहिला खंड १९६७ मध्यें निघाला. जुन्या कैरोंतील एका ज्यू प्रार्थनामंदिराच्या कोठींत देवाचें नांव असलेला कागद फाडूं नये म्हणून शतकानुशतकें कागद टाकलेले होते. त्यांतील सुमारें १,९३,००० तुकडे १८९६–९७ च्या सुमारास शेख्टर यानें मिळवून केंब्रिजला नेले. हिशेब, विवाहपत्रें, तक्रारी, बहुतेक हिब्रू लिपींत पण अरबी भाषेंत. आणि त्यांतूनच बाराव्या शतकांत मलबार किनाऱ्यावर कित्येक वर्षें राहिलेला बेन यिजू हा व्यापारी आपल्यापुढें उभा राहतो. हॉजसननें नकाशा दिला. गॉइटाइननें त्यावरील घरांचीं दारें उघडलीं. एकावांचून दुसरा अपुरा.

हा विषय आम्हां महाराष्ट्रीयांस दिसतो तितका दूरचा नाहीं. हिजरी ३०४ मध्यें, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, अल-मसूदी हा प्रवासी सैमूर म्हणजे आपल्या चौल बंदरीं आला असतां तेथें सुमारें दहा हजार मुसलमान राहत असल्याचें त्यानें नमूद केलें आहे. मराठेशाहींतील मोडी कागदांवरील सालांत ‘खमस’, ‘अर्बा’, ‘मया’, ‘अलफ’ हे अरबी अंकच बसलेले आहेत. त्या शुहूर सनांत ५९९ वा ६०० मिळविले कीं इसवी सन हातीं येतो. हिजरीचें तसें नाहीं, कारण तिचें चांद्र वर्ष सुमारें अकरा दिवसांनीं तोकडें. एवढा साधा हिशेबहि शिकावा लागतो, मग अरबी व फारसी या भाषांविषयीं काय बोलावें? भाषांतरावर आयुष्य काढणारा अभ्यासक दुसऱ्याच्या चष्म्यांतून पाहत असतो.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं ज्या घरांतील मुलगा वा मुलगी हा विषय घेऊं इच्छिते, त्या वडीलधाऱ्यांनीं ‘याचा उपयोग काय?’ असें विचारून तिला परतवूं नये. हॉजसनच्या ग्रंथांतून तिनें शब्दांवर संशय घेण्यास शिकावें, गॉइटाइनच्या ग्रंथांतून माणसांवर विश्वास ठेवण्यास, व दोघांचेंहि ऋण मानून मूळ कागदाकडे जावें. भिंतीवरचीं तीं दोन जुनीं चित्रें मग आपोआप खालीं उतरतील.