सुझान लँगर : पुनर्वाचनाच्या निमित्ताने

उपेक्षित विचारवंताचा पुनरुद्धार होऊ लागला म्हणजे त्याच्यावर झालेल्या अन्यायाबरोबर त्याच्यावरील रास्त आक्षेपही विस्मृतीत जाण्याचा संभव असतो. अमेरिकन तत्त्वज्ञ सुझान लँगर (१८९५–१९८५) यांच्याविषयीचे अलीकडील लेखन वाचताना हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

लँगरबाईंची उपेक्षा झाली ती वाचकांकडून नव्हे. ‘फिलॉसॉफी इन अ न्यू की’ (१९४२) हा त्यांचा ग्रंथ विपुल खपला. परंतु व्हाइटहेड यांच्या या शिष्येला प्राध्यापकपद लाभले ते साठीच्या उंबरठ्यावर, १९५४ साली.

कला हा कलावंताच्या भावनेचा उद्गार नव्हे, तर भावजीवनाच्या घाटाचे ते प्रतीक होय, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त. भावना मोकळी करणे हेच कलेचे कार्य असते, तर रडणारे मूल संगीतकारापेक्षा श्रेष्ठ ठरले असते, हा त्यांचा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो. यावर अर्नेस्ट नेगेल यांनी आक्षेप घेतला : प्रतीक स्वतःहून भिन्न अशा कशाचा तरी निर्देश करते, कलाकृतीचा अर्थ तिच्यापासून विलग करता येत नसेल, तर तिला प्रतीक का म्हणावे? ‘प्रॉब्लेम्स ऑफ आर्ट’मध्ये (१९५७) बाईंनी या आक्षेपाचे वजन मान्य करून ‘अभिव्यंजक घाट’ ही संज्ञा पसंत केली.

एड्रिएन चॅप्लिन यांच्या २०१९ मधील ग्रंथाचा भर देहाधिष्ठित अर्थावर आहे. लँगर यांच्या ‘माइंड’ या त्रिखंडात्मक ग्रंथातही (१९६७–८२) भावनेचे मूळ जीवव्यापारात शोधलेले आहे. हे सारे मोलाचे खरे. तथापि भावना कोठून उगवते हे सांगितल्याने ती कलाकृतीत कशी वसते, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

येथे भारतीय वाचकाला काही सांगण्यासारखे आहे. ‘फीलिंग अँड फॉर्म’मध्ये (१९५३) सिल्व्हाँ लेव्ही यांच्या आधारे लँगर यांनी रसविचाराची दखल घेतली आणि नाट्यगत भावनेचे स्वरूप भारतीय मीमांसकांना अधिक उमगले होते, असा अभिप्राय दिला. लौकिक भावना व कलागत भावना यांतील भेद अभिनवगुप्तालाही अभिप्रेत आहे. परंतु त्याच्या मते रस हा आस्वादरूप आहे. सहृदयाच्या चर्वणेवाचून त्याला अस्तित्व नाही. लँगर यांचा घाट मात्र कृतीत आधीच सिद्ध असतो. रसिकाने तो केवळ ओळखावयाचा. नेगेल यांना जाणवलेली अडचण याच स्थळी उद्भवते, असे आम्हांस वाटते. रसविचाराच्या उंबरठ्यापर्यंत त्या आल्या आणि तेथेच थांबल्या. त्यांचे खरे पुनर्वाचन तेथून पुढे सुरू व्हावयास हवे.