सीमाविवादप्रकरणांतील एक सांधा

याज्ञवल्क्यस्मृतीच्या सीमाविवादप्रकरणावर विज्ञानेश्वरानें मिताक्षरा लिहिली ती चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणी राजधानींत. आणि तें कल्याण, म्हणजे आजचें बसवकल्याण, किल्लारीपासून फारसें दूर नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटेच्या भूकंपानंतर हें प्रकरण वाचूं लागलें असतां त्यांतील एक सांधा निखळतो.

सीमेचीं साधनें दोन: चिन्हें व जाणते. कोंडा, कोळसे, वारूळ, झाड, बांध हीं चिन्हें. शेजारचे लोक, वृद्ध, गुराखी हे जाणते. शेतासाठीं सांगितलेला हा विधि पुढें एकाच श्लोकांत देवालयें, पाणवठे व घरें यांसही लावून स्मृतिकार मोकळे झाले आहेत. घर व शेत एका दावणीस बांधणें हें आम्हांस सदोष वाटतें.

किल्लारीस भूपृष्ठावर पडलेला भंग थोड्याच अंतराचा. शेतांचे बांध बहुतांशीं जागेवर होते, सर्व्हे नंबरांचे नकाशे कचेरींत होते. गांवठाणाची गोष्ट निराळी. महसुली मोजणींत घरोघरची हद्द आलेलीच नव्हती. मातींत रचलेली दगडी भिंत हेंच चिन्ह व शेजारी हाच साक्षी. भिंती पडल्या, सुमारें आठ हजार माणसें गेलीं. आमच्या सिल्लोडकडील जुन्या खरेदीखतांतही चतुःसीमा शेजाऱ्यांच्या नांवांनींच सांगितलेली असते. तो शेजारी व त्याचें घर नाहींसें झालें कीं कागद मुका होतो.

जाणते व चिन्हें यांच्या अभावीं राजानें सीमा घालून द्यावी, असें याज्ञवल्क्य म्हणतो. मनु अशा वेळीं उपकार पाहावयास सांगतो. सरकारनें बावन्न गांवें नव्या जागीं वसविलीं, आणि घरें दिलीं तीं जमीनधारणा पाहून, २५०, ४५० व ७५० चौरस फुटांचीं. अर्थात् ज्याचा वाडा मोठा पण शेत नाहीं, त्यास सर्वांत लहान घर. राजानें सीमा घातली खरी, पण घराची सीमा शेताच्या उताऱ्यावरून! त्या घाईंत दुसरें माप कोठून आणावें, हेंही खरेंच. घरांचीं मापें कोणीं लिहून ठेविलींच नव्हतीं.

यासाठीं संग्राहकांस विनंति कीं, सनदा व वतनपत्रें वेंचतांना घरजागेचीं खतें व वाटणीपत्रें किरकोळ म्हणून रद्दींत टाकूं नयेत. २०२० पासून स्वामित्व योजनेंत गांवठाणें ड्रोननें मोजण्यांत येऊं लागलीं. तेथेंही आधीं चुन्याची रेघ ओढावी लागते, आणि ती कोठून ओढावयाची हें शेजाऱ्यासच विचारावें लागतें.