मीठ, नाडी आणि एक अपुरा धडा

बीड जिल्ह्यातील कपिलधार हे मन्मथस्वामींच्या समाधीचे स्थान. मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगरात. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला गावोगावच्या दिंड्या येथे पायी येतात. अशा कोणत्याही यात्रेत, दर्शनाच्या रांगेत तासभर उभ्या असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला भोवळ आली, तर भोवतालची मंडळी दोनपैकी एक निदान करतात. 'उपास सोसला नाही' किंवा 'बीपी लो झालं'. हेच शाळेच्या मैदानावर प्रार्थनेच्या वेळी घडले, तर तिसरे निदान आपण शिक्षक करतो : 'नाटक करते'. आपण वर्गात आरोग्याचा जो धडा शिकवतो, त्यातून ही तिन्ही निदाने तपासून पाहण्याची दृष्टी मुलांना मिळते का? मिळत नाही, असे माझे मत आहे. त्याची कारणे येथे मांडतो.

आपला धडा साधारण तीन वाक्यांचा असतो. निरोगी माणसाचा रक्तदाब १२०/८० असतो. मीठ जास्त खाल्ले की तो वाढतो. म्हणून मीठ कमी खावे. यातले एकही वाक्य सपशेल खोटे नाही, पण तिन्ही अपुरी आहेत.

पहिले वाक्य घेऊ. १२०/८० हा आकडा बसलेल्या माणसाच्या दंडावर मोजलेला असतो. माणूस उभा राहिला की काय होते, हे धडा सांगत नाही. खरे तर हे आठवी-नववीच्या भौतिकशास्त्रातले उदाहरण आहे. हृदयापासून पावलापर्यंत सुमारे १२० सेंटिमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ धरला, तर त्याचा दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरइतका भरतो. उभे राहताच हा जादा दाब पायांतल्या शिरांवर येतो, त्या फुगतात, आणि अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त छातीकडून खाली उतरते. गळ्यातील व महाधमनीतील दाबसंवेदक ही घट टिपतात. चेतासंस्था रक्तवाहिन्या आवळते, नाडी थोडी वाढवते आणि मेंदूचा पुरवठा टिकून राहतो. हे सारे काही सेकंदांत होते, म्हणून आपल्याला जाणवतही नाही.

काही जणांत ही व्यवस्था बिघडते. उभे राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडी मिनिटाला ३० ठोक्यांनी किंवा त्याहून जास्त वाढते आणि वाढलेलीच राहते. १२ ते १९ वर्षे वयात ही मर्यादा ४० ठोक्यांची धरतात. सोबत भोवळ, धडधड, थकवा, डोळ्यांपुढे अंधारी असते, आणि हा त्रास निदान तीन महिने टिकलेला असतो. या विकाराला पॉश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम, थोडक्यात 'पॉट्स' म्हणतात. हे नाव १९९३ मध्ये शॉन्डॉर्फ आणि लो या संशोधकांच्या निबंधामुळे रूढ झाले. पण अशी लक्षणे अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांत पाहून दा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ मध्येच 'चिडखोर हृदय' असे वर्णन केले होते. रुग्णांत तरुण मुली आणि स्त्रियांचे प्रमाण बरेच जास्त आहे.

येथे 'बीपी लो झालं' हे निदान तपासून पाहण्यासारखे आहे. पॉट्सच्या व्याख्येतच अशी अट आहे की, उभे राहिल्यावर रक्तदाब फारसा पडता कामा नये. तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला, तर तो वेगळा विकार ठरतो. म्हणजे या मुलीचा रक्तदाब दवाखान्यात खुर्चीवर बसवून मोजला, तर तो 'नॉर्मल' येणार आणि तिला काहीही झालेले नाही, असे ठरणार. ती नाटक करत नसते. आपण चुकीच्या स्थितीत चुकीची गोष्ट मोजत असतो.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. बहुसंख्यांसाठी हा सल्ला योग्यच आहे. मात्र वैद्यकीय देखरेखीखाली विशेष आहार लागणाऱ्यांना त्याच मार्गदर्शिकेने वगळले आहे. तक्त्यावर येईपर्यंत हा अपवाद गळून पडतो. शिवाय मिठाचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. वाइनबर्गर यांच्या १९८६ च्या अभ्यासात उच्च रक्तदाबाच्या रुग्णांपैकी सुमारे निम्मे आणि निरोगी लोकांपैकी सुमारे चतुर्थांश 'मीठ-संवेदनशील' आढळले. इतरांची मूत्रपिंडे जादा मीठ सहज बाहेर टाकतात.

पॉट्सच्या अनेक रुग्णांत रक्ताचे एकूण आकारमानच कमी असते. मीठ पाण्याला धरून ठेवते, म्हणून अशांना डॉक्टर दिवसाला दोन ते तीन लिटर द्रव आणि १० ते १२ ग्रॅम मीठ सुचवतात. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये याची चाचणी प्रसिद्ध केली. पॉट्स असलेल्या १४ स्त्रियांना सहा दिवस अत्यंत कमी आणि सहा दिवस भरपूर मिठाचा आहार दिला. भरपूर मिठाने रक्तद्रव वाढला, उभे राहिल्यावरची नाडीची उसळी कमी झाली, पण ती निरोगी स्त्रियांइतकी खाली आली नाही.

या प्रयोगाकडेही चिकित्सक नजरेने पाहायला हवे. सहा दिवसांच्या निष्कर्षावरून वीस वर्षांचा सल्ला निघत नाही. पॉट्सच्या काही रुग्णांत उभे राहिल्यावर रक्तदाब उलट चढतो. त्यांना आणि मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांना हाच उपाय अपायकारक ठरू शकतो. 'मीठ वाईट' हा मंत्र काढून त्या जागी 'चक्कर आली की मीठ चाटा' हा मंत्र बसवला, तर आपण काहीच शिकलो नाही असे होईल.

निदान करण्यापूर्वी साधी कारणे तपासली पाहिजेत. उपास, ताप, जुलाब, उन्हातली पायपीट यांनीही नाडी वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. म्हणून वारंवार भोवळ येणाऱ्या मुलीचे हिमोग्लोबिन आधी तपासावे.

मग शिक्षकाने काय करावे? भोवळ आलेल्या मुलीला आडवे करावे, पाय उंच ठेवावेत, शुद्धीवर असल्यास पाणी द्यावे. बेशुद्ध मुलीच्या तोंडात काहीही घालू नये. पुन्हापुन्हा घडत असेल, तर पालकांना डॉक्टरांकडे पाठवताना 'झोपून आणि उभे राहून, दोन्ही वेळा नाडी व रक्तदाब मोजून घ्या' एवढे वाक्य चिठ्ठीत लिहावे. वर्गात मात्र निरोगी मुलांची नाडी आधी पाच मिनिटे झोपवून आणि मग उभे करून एकमेकांना मोजायला सांगता येईल. आकडे फळ्यावर लिहिले की प्रत्येकाचे शरीर वेगळे वागते, हे मुलांना दिसेल. ज्याला चक्कर येते, त्याला मात्र या प्रयोगात उभे करू नये.

धड्यात चौथे वाक्य घालायला फळ्यावर जागा असते. ते असे असावे : हा नियम बहुतेकांसाठी आहे, आपण त्या बहुतेकांत बसतो की नाही, हे मोजून पाहावे लागते. ते शिकलेला एखादा मुलगा उद्या कपिलधारच्या रांगेत आपल्या बहिणीशेजारी उभा असेल. ती खाली बसली तर तो तिला हाताला धरून उठवणार नाही, आधी आडवे करील आणि नाडी पाहील.