‘कुंकू’मधला नकार

प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ हा १९३७ सालचा बोलपट जरठ-बाला विवाहाची शोकांतिका म्हणून ओळखला जातो. ते खरे, पण अपुरे आहे. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी प्रेक्षकाला पुष्कळ हसविले आहे, आणि त्या हसण्यातच चित्रपटाचे बळ आहे.

कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरची. पोरकी नीरा पालकांच्या धनलोभामुळे काकासाहेब या वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यात बांधली जाते. फसवणूक ध्यानी येताच ती पत्नीपण नाकारते. ती पळून जात नाही. त्याच घरात राहून, रोजच्या बारीकसारीक कुरबुरींतून आपला नकार जिवंत ठेवते. शांता आपटे यांचा ताठा येथे अप्रतिम शोभला आहे. केशवराव दाते यांचे काकासाहेब आरशापुढे हरवलेले तारुण्य शोधू लागले की आपण हसतो. मग हसू ओशाळते, कारण हा मनुष्य दुष्ट नाही. समाजाने हाती दिलेला हक्क तो वापरतो, इतकेच. भिंतीवरचे जुने घड्याळ मात्र त्याला वय विसरू देत नाही.

शेवट मला पटत नाही. काकासाहेबांना चूक उमगते, नीरेला पुनर्विवाहाची मोकळीक देणारे पत्र लिहून ते आत्महत्या करतात. देवलांच्या ‘संगीत शारदा’त (१८९९) वधूवर सगोत्र निघाल्याने लग्न मोडते, येथे नवऱ्याला मरावे लागते. नीरेच्या नकाराने त्याचे मन पालटते, बंध मात्र सुटत नाही. अर्थात दोष एकट्या दिग्दर्शकाचा नव्हे. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ साली आला.

आमच्या खानदेशात आसोद्याच्या बहिणाबाई तेराव्या वर्षी सून होऊन जळगावी आल्या, तेव्हा मुलीला विचारण्याची रीत नव्हती. आपल्याकडे ती रीत लेखी आहे. ख्रिस्तसभेच्या १९८३ सालच्या कायदासंहितेतील कलम ११०३ प्रमाणे बळजबरीने किंवा गंभीर भीतीपोटी दिलेली संमती विवाह घडवीत नाही. म्हणूनच लग्नापूर्वी धर्मगुरू वधूला एकटीला प्रश्न विचारतात. जळगाव असो वा धुळे, एखादी मुलगी ‘होय’ म्हणण्याआधी दाराकडे पाहते. दाराबाहेर वडील बसलेले असतात.

धर्मग्रामाच्या सभागृहात हा चित्रपट दाखविण्याचा योग आला, तर पहिली रांग मी वडिलांसाठी राखून ठेवीन.