दार वाजवणारे

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्याकडे दाराला कडी अशी नसतेच. येणारा ओळखीचा असो की ओळखीच्याच्या ओळखीचा, त्याच्यापुढे फराळाची बशी येते आणि 'घ्या हो, घरचंच आहे' हे पालुपदही येते. अशा दिवसांत, ज्यांच्या तोंडावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत परक्यांची दारे बंद होतात अशा पोरांवरच्या चित्रपटांबद्दल लिहायला बसावे, हे वाचकांना थोडे अवेळी वाटेल. पण मी हे चित्रपट घरच्या मंडळींबरोबर पाहिले, आणि त्या बंद दारांचा विचार मनातून जाईना, म्हणून लिहितो.

ही पोरे मॉर्मन पंथाची. 1830 साली अमेरिकेत जोसेफ स्मिथने हा पंथ स्थापला. त्याचे मुख्य ठाणे युटा राज्यातले सॉल्ट लेक सिटी. या पंथातले तरुण ऐन उमेदीतली दोन वर्षे धर्मप्रचाराला देतात; मुली दीड वर्ष देतात. मुलग्यांना पूर्वी एकोणीस वर्षे पुरी व्हावी लागत, 2012 पासून अठरा पुरतात. कुठे जायचे हे त्यांनी ठरवायचे नसते. सरकारी नोकराला बदलीचा हुकूम यावा तसे पत्र येते, आणि जन्मात नकाशावर न पाहिलेल्या गावी पोरगा निघतो. खर्च त्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा. काही आठवडे भाषेची घोकंपट्टी, मग पांढरा सदरा, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. साधारण साडेसहाला उठायचे, साडेदहाला दिवा मालवायचा. चित्रपट नाही, मैत्रीण नाही. आठवड्यात एक दिवस कपडे धुण्याला, बाजारहाटाला आणि पत्रे लिहिण्याला. घरी फोन वर्षातून दोनदाच, असा नियम 2019 पर्यंत होता. आता आठवड्याला बोलता येते.

यावर कडी म्हणजे जोडीदार. प्रत्येकाला एक जोडीदार मिळतो, तो दुसऱ्या कुणी निवडलेला असतो, आणि त्याच्या नजरेआड व्हायची सोय नसते. एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची नाही. 'एल्डर अमुक' म्हणायचे, म्हणजे वडीलधारे अमुक! मिसरूड फुटू लागलेल्या पोराला सगळे जग वडीलधारा म्हणते आणि त्याला मात्र स्वतःचे मोजे कुठे टाकले ते सापडत नाहीत. या विसंगतीत एक चांगले नाटक दडलेले आहे, हे कोणाही लेखकाच्या ध्यानात यावे.

स्कॉट अँडरसनच्या ते आले. तो स्वतः नेदरलँड्समध्ये असा प्रचारक होता. त्याने आधी नाटक लिहिले आणि 2003 साली त्यावरून 'द बेस्ट टू इयर्स' हा चित्रपट केला. त्याच्या दोन वर्षे आधी, 2001 साली, याच विषयावर 'दि अदर साइड ऑफ हेवन' हा मोठ्या थाटाचा चित्रपट आला होता. तो जॉन ग्रोबर्गच्या आठवणींवर आधारलेला. 1950 नंतरच्या दशकात आयडाहोतला हा तरुण पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांवर गेला. टोंगन आणि इंग्रजी बायबल शेजारी-शेजारी ठेवून तो भाषा शिकला; झोपेत उंदरांनी त्याचे तळपाय कुरतडले; वादळाने बेट उद्ध्वस्त केले आणि मागोमाग उपासमार आली. हे सारे खरोखरीच घडलेले, आणि पडद्यावर देखणेही. तरी मला तो चित्रपट दुय्यम वाटतो. वादळात कोणीही शूर दिसतो. माणसाची खरी परीक्षा, काहीच घडत नाही अशा ओल्या सोमवारी होते.

अँडरसनने हा ओला सोमवार पकडला आहे. हारलेम गावातल्या एका बिऱ्हाडात चार पोरे राहतात. त्यांतला रॉजर्स आता कशातच मन घालत नाही. कारण त्याच्या वाग्दत्त म्हणावी अशा मैत्रिणीने तिकडे दुसऱ्याशी लग्न केले, आणि तो दुसरा कोण, तर रॉजर्सचाच पूर्वीचा जोडीदार! त्याच्या गळ्यात नवा जोडीदार येऊन पडतो तो कॅल्हून. भोळा, उत्साही, आणि डच भाषेची वाट लावणारा. एकाची श्रद्धा विझत आलेली, दुसऱ्याची नुकती पेटलेली. आणि दोघांनी एकाच खोलीत राहायचे, एकाच टेबलावर जेवायचे. एकमेकांच्या उत्साहाचा कंटाळा आणि कंटाळ्याचा राग या चित्रपटात फार खरा उतरला आहे. वसतिगृहात राहिलेल्या कोणाही मराठी माणसाला ही खोली ओळखीची वाटेल. श्रद्धेवर व्याख्यान न देता, न आवडणाऱ्या माणसाबरोबर रोज नीट वागणे ही केवढी साधना आहे हे अँडरसन दाखवतो. ही त्याची मोठी जमेची बाजू.

आता खर्चाची बाजू. सगळ्या हारलेम गावात या पोरांचे मनापासून ऐकणारा माणूस कोण भेटतो? एक अमेरिकनच! ज्या डच लोकांसाठी ही पोरे समुद्र ओलांडून आली, ते लोक चित्रपटात बहुतेक दारापुरते आहेत. दार उघडते, चेहरा दिसतो, दार बंद होते, आपण हसतो. त्या दारामागे कोण राहते, त्यांची चूल, त्यांचा देव, त्यांची भांडणे यांच्याकडे कॅमेरा वळतच नाही. ग्रोबर्गच्या चित्रपटात निदान फेकी नावाचा टोंगन सोबती आहे. पण तोही मुख्यतः नायकाला सांभाळण्यासाठीच. आणि 2011 साली ब्रॉडवेवर आलेले, नऊ टोनी पारितोषिके मिळवणारे 'द बुक ऑफ मॉर्मन' हे संगीत नाटक? ते तर या पंथाची यथेच्छ टिंगल करते. त्याचा आरंभच दारावरच्या घंटांनी होतो. पण त्यातही युगांडातले गाव हे दोन अमेरिकन पोरांच्या शहाणे होण्याची रंगभूषाच ठरते. भक्त असो की टवाळ, दोघांची नजर दार वाजवणाऱ्यावरच खिळलेली आहे.

आपल्याला हे खटकते, कारण आपण दाराच्या आतल्या बाजूने लिहिलेले एक पुस्तक वाचलेले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. पंथ वेगळा, काळ वेगळा, हे खरे. पण 1893 साली रेल्वेच्या प्रवासात एका परक्या गृहस्थाने ना. वा. टिळकांच्या हाती बायबल दिले. देणारा आपल्या वाटेने गेला. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, आणि त्या एका पुस्तकाची किंमत घरातल्या बाईने वर्षानुवर्षे चुकती केली. नवरा एकीकडे, बायको एकीकडे. पाणी कोणाच्या हातचे प्यायचे इथपासून मूल कोणाचे इथपर्यंत प्रश्न. लक्ष्मीबाई पुढे 1900 साली स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या, आणि ही सारी उलथापालथ त्यांनी हसत, कोणावरही डूख न धरता सांगितली. त्यांच्या पुस्तकात धर्म बदलणे म्हणजे एक अख्खे घर हलणे आहे. अँडरसनच्या चित्रपटात तो दार वाजवणाऱ्या पोराच्या यशापयशाचा प्रश्न आहे.

म्हणून हा चित्रपट टाकाऊ ठरतो काय? मुळीच नाही. मी तो पुन्हा पाहीन, आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांना आवर्जून दाखवीन. त्यांच्याच वयाचे कोणी तरी स्वतःच्या पदरचे पैसे घालून, हास्यास्पद होण्याची तयारी ठेवून परक्या गल्लीत उभे राहते, हे पाहण्यासारखे आहे. मात्र दाखवून झाल्यावर 'स्मृतिचित्रे'ही हातात ठेवीन. जो दार वाजवतो तो दोन वर्षे देऊन घरी परत जातो. जो दार उघडतो त्याला त्याच घरात राहायचे असते. या दोघांनाही सारख्याच मायेने न्याय देणारी कलाकृती या विषयावर मी अजून पाहिलेली नाही.

परवा टीव्ही बंद केला आणि दारावर थाप पडली. शेजारचा मुलगा शंकरपाळ्यांचा डबा घेऊन आला होता. त्याला आत घेताना मनात आले, या पोराला दार उघडणे किती सोपे आहे! तो मागतो ते डबा रिकामा करून परत द्या एवढेच.